झड लागली, तरी पान उलटून पाहा

पतंगांचा अभ्यास करणाऱ्यांच्या नोंदवहीत पावसाळ्यातली काही पाने हमखास कोरी राहतात. कारण उघड आहे. पतंग पाहायची रूढ रीत म्हणजे अंधारात पांढरी चादर ताणायची, तिच्यापुढे पाऱ्याच्या वाफेचा किंवा अतिनील प्रकाशाचा दिवा लावायचा आणि जे येतील ते टिपायचे. ढगाळ, उबदार, वारा पडलेली, चंद्र नसलेली रात्र या कामाला फार चांगली. पण सरींवर सरी कोसळू लागल्या की चादर भिजून लोंबते, तापलेल्या दिव्यावर थेंब पडला तर काच तडकते आणि वाऱ्यात हलक्या अंगाचे पतंग बाहेरच पडत नाहीत. मग ‘हवा खराब, काही मिळाले नाही’ असा शेरा मारून मंडळी मुक्कामी परततात. या शेऱ्याचा पहिला भाग मान्य. दुसरा मात्र तपासून घ्यायला हवा. चादरीला काही मिळाले नाही, म्हणजे रानात काही नव्हते असे होत नाही. पंख असलेला पतंग ही त्या कीटकाच्या आयुष्यातली शेवटची आणि बहुधा छोटी अवस्था असते. अॅटलास किंवा मून मॉथसारख्या मोठ्या पतंगांना तर खाण्याजोगे तोंडच नसते. अळी असताना साठवलेल्या चरबीवर ते जेमतेम आठवडा-दहा दिवस काढतात. खाणे, वाढणे, कात टाकणे आणि बहुतेक वेळा मरणेही घडते ते अळीच्या अवस्थेत. सह्याद्रीत आणि मध्य भारताच्या पानझडी रानांत या अवस्थेचा हंगाम नेमका तेव्हा असतो, जेव्हा आपण हवेला नावे ठेवत खोलीत बसलेलो असतो.

हा हंगाम पावसातच का यावा, याचे उत्तर पानाच्या वयात आहे. ऑक्सफर्डजवळच्या वायथमच्या रानात पॉल फीनी यांनी ओकची पाने आणि त्यावर जगणाऱ्या विंटर मॉथच्या अळ्या यांचा अभ्यास करून 1970 मध्ये दाखवून दिले, की पान कोवळे असते तेव्हा त्यात पाणी आणि नत्र जास्त असते. जून होत जाते तसे ते चिवट होते आणि त्यातले टॅनिन वाढते. म्हणून तिथल्या अळ्या वसंतातच घाईने पोट भरून घेतात. तिकडे हे काम वसंत करतो, आपल्याकडे ते बरेचसे पावसाकडे असते. सागाचेच पाहा. वळिवाच्या सरींनंतर आणि मोसमी पावसाच्या सुरुवातीला त्याला नवी पालवी फुटते आणि तिच्यावर हायब्लिया प्युएरा या पतंगाच्या अळ्या तुटून पडतात. पुढे पाने मोठी आणि जाड झाली की दुसऱ्याच पतंगाची, युटेक्टोना मॅकेरॅलिसची, पाळी येते. तिच्या अळ्या शिरा सोडून मधला हिरवा भाग तेवढा कुरतडतात. पावसाळा सरता सरता विदर्भातले, उदाहरणार्थ मेळघाटातले, अख्खे सागवन तपकिरी दिसू लागते, पान हातात घेतले तर नुसती जाळी. झाड एकच, अळ्या दोन, आणि दोघींचे वेळापत्रक पानाच्या वयाने ठरवून दिलेले.

आणखी दोन साक्षी शेतातून आणि रानालगतच्या वस्तीतून मिळतात. भुईमुगावरची तांबडी केसाळ अळी उन्हाळाभर जमिनीत कोष होऊन पडून असते. पहिला दमदार पाऊस झाला की काही दिवसांत तिचे पतंग मातीतून बाहेर येतात, अंडी घालतात आणि अळ्यांची फौज उगवत्या पिकावर येते. पाऊस हा तिच्यासाठी अडथळा नाही, उठायची हाक आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागात ढीवर समाजातले लोक टसरचा कोसा पिकवतात. टसर म्हणजे अँथेरिया मायलिट्टा या पतंगाचा कोष. बियाण्याचे कोष उन्हाळाभर जपतात, पावसाच्या तोंडावर त्यांतून पतंग निघतात आणि पुढच्या अळ्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर, उघड्यावर, भर पावसाळ्यात वाढतात. पाखरे आणि मुंग्या हाकलायला माणसे झाडाखाली राखण बसतात. कीटकशास्त्राच्या पुस्तकाचे पान न उलटता या मंडळींना अळीचा हंगाम कोणता ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कोस्टारिकामधल्या ग्वानाकास्ते इथल्या पानझडी रानात डॅनियल जॅन्झन यांनी 1978 पासून अळ्या गोळा करून वाढवण्याचे जे प्रचंड काम केले, त्यातूनही हेच दिसले. तिथे मे महिन्यात पाऊस सुरू होतो आणि पहिल्या दोनेक महिन्यांत पतंगांच्या अळ्यांचा कळस होतो; नंतर पाऊस चालू असला तरी अळ्या ओसरतात. आपले रान आणि ते रान यांत महासागर आहेत, पण सहा-सात महिने कोरडे आणि मग एकदम ओले, हा पाया सारखा आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे: पाऊस अळ्यांना मारतो, त्याचे काय? मारतो, यात शंका नाही. कोबी-फ्लॉवरवरच्या डायमंडबॅक मॉथची अंडी आणि लहान अळ्या जोरदार पावसाने धुऊन जातात, हे अनेक देशांत मोजून पाहिलेले आहे. वरून तुषार सिंचन केले तर तिचा उपद्रव कमी होतो तो याचमुळे. पण म्हणूनच पावसाळा हा ऋतू आणि पावसाची एखादी सर या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात. ऋतू पालवी देतो, म्हणजे अळी घडवतो. सर काही अळ्या मारते आणि उरलेल्यांना आडोशाला ढकलते. शोधणाऱ्याने सरीचा राग ऋतूवर काढला की हिशेब चुकतो. शिवाय कोबीच्या उघड्या पानावरचा हिशेब रानाला जसाच्या तसा लागू होत नाही. रानात वरच्या फांद्या थेंबाचा जोर मोडतात. पान गुंडाळून किंवा दोन पाने रेशमाने शिवून आत राहणाऱ्या अळ्यांच्या घरात पाणी फारसे शिरत नाही. उघड्यावर राहणारी अळी पानाच्या खालच्या अंगाला मधल्या शिरेला धरून बसते; पोटाकडच्या मांसल पायांच्या टोकांवर बारीक आकड्या असतात आणि बसायच्या जागी तिने आधीच रेशमाची गादी विणलेली असते, त्यामुळे फांदी गदागदा हलली तरी ती सुटत नाही. सुटलीच तर बरेचदा रेशमाच्या धाग्याला लोंबकळते आणि पुन्हा वर चढते. तिच्या कातडीवर मेणाचा थर असतो, पाणी त्यावरून ओघळते. श्वास घ्यायची छिद्रे दोन्ही कुशींना नऊ-नऊ असतात आणि ती मिटता येतात. थोडक्यात, पहिल्या-दुसऱ्या कातीतली पिल्ले दगावतात, पण मोठी अळी पावसाला पुरून उरते, आणि शोधणाऱ्याला सापडणारी बहुधा मोठीच असते.

ढगाळ दिवसाचा शोधणाऱ्याला एक फायदाही होतो, ज्याची दखल कमी घेतली जाते. अनेक हिरव्या अळ्यांचे लपणे उन्हावर बेतलेले असते. प्रकाश वरून येतो, म्हणून कुठलीही गोल वस्तू वरून उजळ आणि खालून सावळी दिसते आणि त्या उतरत्या छटेवरूनच डोळ्याला तिचा गोलवा कळतो. अळीचे अंग याच्या उलट रंगलेले असते: उजेडाकडची बाजू गडद, सावलीकडची फिकी. दोन्ही छटा एकमेकींना खाऊन टाकतात आणि अळी सपाट, पानाच्या तुकड्यासारखी भासते. फांदीला उलटे लटकून बसणाऱ्या अळ्यांत म्हणूनच पाठ फिकी आणि पोट गडद आढळते. आकाश भरून आले की उजेड सगळीकडून सारखा येतो, सावली पातळ होते आणि भर उन्हासाठी रंगलेली ही छटा जास्त ठळक होऊन अळीला उघडे पाडू शकते. हा फायदा मात्र प्रत्येक अळीला लागू नाही. काडीसारख्या ताठ उभ्या राहणाऱ्या उंटअळ्यांना ढग असले काय अन् ऊन असले काय, सारखेच. आणि ओल्या पानाची चकाकी डोळ्यांना चकवते, ती वेगळीच. म्हणून सर थांबल्यावर लगेच वरून पाहण्यापेक्षा वाकून, पानाच्या खालून आकाशाकडे पाहावे: पान काचेसारखे उजळते आणि खाली बसलेली अळी काळ्या रेघेसारखी दिसते.

पाऊस काही जुन्या युक्त्या हिरावून घेतो, हे कबूल करायला हवे. उघडी छत्री उलटी धरून तिच्यावर फांदी झोडपायची आणि पडतील ते किडे वेचायचे, ही युरोपातल्या कीटकसंग्राहकांची आवडती रीत. झडीत ती निकामी होते. छत्रीत पाणी साचते आणि पडलेली अळी त्यात गटांगळ्या खाते. दुसरी खूण लेंड्यांची. कोरड्या दिवसांत झाडाखालच्या दगडावर, पायवाटेवर पडलेल्या ताज्या लेंड्या पाहून वर अळी आहे हे सांगता येते. हॉकमॉथच्या मोठ्या अळीची लेंडी तर उभ्या खाचांमुळे सहा पैलूंची दिसते आणि लगेच ओळखू येते. पावसात लेंड्या विरघळून जातात. पण त्यामुळेच, धो-धो सर येऊन गेल्यावर रुंद पानावर एखादी टणक, अखंड लेंडी दिसली तर ती सरीनंतरचीच असणार आणि अळी अजून वर असणार. कुरतडलेल्या पानाचेही तसेच: कापलेली कड हिरवी आणि ओलसर असेल तर जेवण आताचे, तपकिरी पडली असेल तर जुने. झोडपण्यापेक्षा डोळ्यांनी शोधणे कितीतरी संथ असते. पण त्यातून एक गोष्ट मिळते जी छत्रीत कधीच मिळत नाही: अळी कुठल्या झाडावर, पानाच्या कुठल्या अंगाला, काय करत होती. रात्री अतिनील विजेरी घेतली तर काम सोपे होते. पाने या प्रकाशात मंद तांबूस दिसतात आणि पुष्कळ अळ्या त्यांच्यातून हिरवट-निळसर उजळून उठतात. सगळ्याच उजळत नाहीत, आणि त्या प्रकाशापासून डोळे जपायला योग्य चष्मा लागतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: चादरीवर एका रात्रीत शंभर जाती येतात, अळ्यांच्या मागे दिवस घालवून चार-पाच मिळतात, मग पावसाळ्यात आठवडाभर थांबून चांगली रात्र गाठणेच बरे नाही का? जातींची यादी एवढेच उद्दिष्ट असेल तर तो बरोबर आहे. पण चादरीवरचा पतंग कुठून आला हे सांगत नाही. तो शेजारच्या झाडावर वाढलेला असेल किंवा वाऱ्याबरोबर डोंगर ओलांडून आलेला असेल. पानावरची अळी मात्र सांगते की या जागी मादीने अंडी घातली, इथे तिला खाद्य आहे, इथे ही जात पिढी चालवते. जंगल तोडले, रस्ता रुंदावला, एखादे झाड नाहीसे झाले तर कोणता पतंग जाईल, हे शंभर जातींच्या यादीतून कळत नाही. अळीच्या एका पक्क्या नोंदीतून कळते. मारिया सिबिला मेरियन यांनी 1679 मध्ये अळ्यांवरच्या पुस्तकाची सुरुवात केली, तेव्हा किडे चिखलातून, कुजक्यातून आपोआप उपजतात असे मानणारे पुष्कळ होते. त्यांनी प्रत्येक अळी तिच्या खाद्यवनस्पतीवर, कोष आणि पतंगासह एकाच चित्रात मांडली. पुढे 1699 मध्ये त्या सुरिनामच्या दमट रानात गेल्या आणि 1705 मध्ये तिथल्या कीटकांच्या रूपांतरांचा ग्रंथ काढला. अळी, झाड आणि पतंग एका चौकटीत, ही मांडणी आजही बदलायची गरज पडलेली नाही.

आपल्या बाजूचे उदाहरण कारवारचे. तेव्हा उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि तिथे वनखात्यात असलेल्या टी. आर. बेल यांनी वर्षानुवर्षे अळ्या घरी आणून वाढवल्या. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात डेव्हिडसन आणि एटकेन यांच्यासह त्यांनी त्या भागातल्या फुलपाखरांवर लिहिले आणि 1937 मध्ये एफ. बी. स्कॉट यांच्याबरोबर हॉकमॉथवरचा ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’चा खंड लिहिला. त्याच मालिकेत जॉर्ज हॅम्पसन यांचे पतंगांवरचे चार खंड 1892 ते 1896 या काळात निघाले होते. त्यांचा भर मेलेल्या, टाचणीला लावलेल्या पतंगांवर. बेल-स्कॉट यांचा खंड वाचताना अळी चालताना, बसताना दिसते. तेरड्यावर वाढणारी थेरेट्रा ओल्डनलँडी ही हॉकमॉथची अळी कुणीही पाहावी: गडद अंग, दोन्ही कुशींना डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग आणि चालताना पावलागणिक मागेपुढे डुलणारे शेपटाकडचे शिंग. हे डुलणे संग्रहालयातल्या कुठल्याच पेटीत सापडणार नाही. आणि तेरडा सह्याद्रीत उगवतो तो पावसाळ्यात. कोकण-कारवारच्या पावसाला टाळून हे काम झालेच नसते.

तिसरा आक्षेप ओळखीचा. अळीवरून जात ठरवणे कठीण असते, हे खरेच आहे. एकच अळी दोन कातींच्या आधी आणि नंतर वेगळी दिसते, एकाच जातीत हिरवी आणि तपकिरी रूपे असतात. साध्या सुरवंटासारखी दिसणारी एखादी ‘अळी’ तर पतंगाची नसतेच. पोटाखाली मांसल पायांच्या सहा किंवा अधिक जोड्या मोजता आल्या तर ती करवत्या माशीची, कारण पतंगाच्या अळीत त्या पाचाहून जास्त नसतात. फोटोवरून नाव लावायची घाई म्हणूनच धोक्याची. पण उलट बाजूही आहे. ग्वानाकास्तेतले अॅस्ट्राप्टेस फुल्जरेटर हे फुलपाखरू प्रौढ रूपात एकच जात समजले जाई. तिथे वाढवलेल्या अळ्यांचे रंग आणि खाद्यझाडे वेगवेगळी निघाली, डीएनए तपासला आणि 2004 मध्ये ती एक नव्हे, दहा जाती असल्याचे मांडले गेले. जिथे पंख फसवतात तिथे अळी बोलते. उपाय एकच, अळी वाढवून पतंग निघेपर्यंत पाहायचे. पावसाळ्यात त्यातली अडचण थंडीची किंवा उपासमारीची नसून ओलाव्याची असते. ओली पाने डब्यात कोंबली की बुरशी येते. पाने पुसून द्यावीत, तळाला टिपकागद ठेवावा, लेंड्या रोज काढाव्यात, झाकण जाळीचे असावे, पाणी शिंपडू नये. जमिनीत कोष करणाऱ्यांना माती लागते आणि तीही चिखल नको, दमट हवी.

एवढे करूनही पुष्कळ अळ्या मरतील, आणि पावसाळ्यात जास्त मरतील. सततच्या ढगाळ, दमट हवेत सोयाबीनवरच्या लष्करी अळ्या पानाला चिकटून पांढऱ्या, खडूच्या तुकड्यांसारख्या कडक झालेल्या शेतकऱ्यांनी पाहिलेल्या असतात. काही दिवसांनी त्या हिरव्या भुकटीने माखतात. हे मेटारायझियम रिलेयी या बुरशीचे काम. विषाणूची लागण झालेल्या अळ्या शेंड्याकडे चढतात आणि उलट्या लटकून मरतात. काही अळ्यांच्या अंगातून परोपजीवी गांधीलमाश्यांची पिल्ले बाहेर पडतात आणि त्यांच्याच पाठीवर पांढरे कोष विणतात. पतंग निघाला नाही म्हणून हा प्रयोग फसला असे मानणे मला तरी पटत नाही. चादरीवर आलेला पतंग हा वाचलेला असतो. बाकीच्यांना कुणी खाल्ले, ते फक्त अळीच सांगू शकते.

राहता राहिला प्रश्न नोंदींचा. जुलैचा शेवटचा आठवडा ‘नॅशनल मॉथ वीक’ म्हणून पाळतात. 2012 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत सुरू झालेला हा उपक्रम तिथे भर उन्हाळ्यात येतो आणि आपल्याकडे ऐन झडीत. त्या आठवड्यात इथे नुसत्या चादरीवर भिस्त ठेवली आणि नोंदी कमी आल्या, तर ती उणीव जुलैच्या कीटकांची नसून आपल्या हजेरीची असेल. ती भरून काढायची तर रिकामी शोधाशोधही लिहावी लागेल: कोणती झाडे पाहिली, किती वेळ, आणि काही दिसले नाही. तसेच, अळी झाडावर दिसली म्हणजे ती ते झाड खाते असे धरू नये. कण्हेर-तगरीवरची हॉकमॉथची हिरवी अळी कोष करायच्या आधी तपकिरी होऊन खाली उतरते आणि जागा शोधत वाटेत कुठल्याही झुडपावर दिसू शकते. तिने ते पान खाल्लेले पाहिले, किंवा डब्यात खाऊन लेंडी टाकली, तरच खाद्यवनस्पती म्हणून लिहावे. संरक्षित जंगलात अळी उचलायची असेल तर आधी वनखात्याची परवानगी घ्यावी. दरड आणि ओढ्याच्या लोंढ्यापुढे कुठलीच अळी मोलाची नाही. घराच्या कुंपणावरची कण्हेर, परसातले अळू आणि बांधावरचा तेरडा यांना परवानगी लागत नाही. या जुलैत सर ओसरली की तिथूनच सुरुवात करा, आणि नोंद लिहाल तेव्हा अळीच्या नावाची जागा रिकामी राहिली तरी चालेल, झाडाच्या नावाची राहू देऊ नका.